लाल जर्सी वि. हिरवी जर्सी: भाच्याला फरकच कळत नाही, काय करता येईल?

बुधवारातला_मामा:
मंडळी जरा वेगळा प्रश्न आहे, फुटबॉलवाले आणि डोळ्यांचं कळणारे दोघांनी उत्तर द्या. माझा भाचा सातवीत आहे, शाळेच्या टीममध्ये राइट मिडला खेळतो, पोरगं पळतं जोरात, टच पण चांगला आहे, पण वर्षभर सरांची एकच तक्रार की लक्ष नाही, समोरच्या टीमला पास देतो. घरी पण सगळ्यांनी त्याला बोलून घेतलं, मोबाइल कमी कर वगैरे नेहमीचं. मग चष्मा लागला असेल म्हणून ताईने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी ते रंगीत ठिपक्यांमधले आकडे ओळखायचं पुस्तक समोर धरलं आणि त्यातली बरीचशी पानं साहेबांना कोरीच दिसली. लाल-हिरवा रंगांधळेपणा निघाला. आता शाळेत प्रॅक्टिसला दोन टीम पाडतात तेव्हा एकीला लाल बिब (शर्टावरून घालायचं ते बिनबाह्यांचं) आणि दुसरीला हिरवी, आणि मैदान पण हिरवं. म्हणजे लक्ष नाही वगैरे सगळं बाजूलाच राहिलं.

आता सरांना भेटणार आहे. (१) कुठल्या रंगांच्या जोड्या चालतात, कुठल्या टाळायच्या? (२) टीव्हीवरच्या मोठ्या मॅचेसमध्ये याचं काही बघतात का, की तिथेही रामभरोसे? म्हणजे सरांना सांगताना उदाहरण देता येईल, नाहीतर म्हणतील तुमच्या एकट्याच्याच पोराचे नखरे. शाळेच्या नव्या जर्सी यंदा शिवायच्या आहेत म्हणून आत्ताच विचारतोय.

लेफ्टबॅक:
एकट्याचे कसले नखरे, २०१८ वर्ल्ड कपची पहिलीच मॅच घ्या ना. मॉस्कोचं लुझनिकी, रशिया लाल, सौदी अरेबिया हिरवे. ५-० झाली ती. तुम्हाआम्हाला काय मस्त रंगीत मॅच वाटली, पण जगभरातले रंगांधळे लोक ट्विटरवर बोंबलत होते की कोण कुठल्या बाजूचा तेच कळत नाहीये, गोल झाला की सेलिब्रेशन बघून ठरवायचं. उद्घाटनाची मॅच, फिफाने सगळं तपासलेलं, तरी हे.

आणि फक्त बघणाऱ्यांचा प्रश्न नाहीये. डेन्मार्कचा मिडफिल्डर थॉमस डिलेनी, त्याच वर्ल्ड कपच्या आधी त्याने रेडिओवर सांगून टाकलं की मी रंगांधळा आहे आणि मेक्सिकोविरुद्धच्या फ्रेंडलीत मला त्रास झाला, डेन्मार्क लाल आणि मेक्सिको हिरवे. देशाकडून खेळणारा माणूस आहे हा. भाच्याला हे नक्की सांगा, त्याला बरं वाटेल.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर याहून भारी प्रकार झालेला. नोव्हेंबर २०१५, बफलो बिल्स विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स, ते 'कलर रश' म्हणून मार्केटिंग होतं, डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग. बिल्स सगळे लालभडक आणि जेट्स सगळे हिरवेगार. मॅच चालू असतानाच तक्रारी सुरू. दुसऱ्या दिवशी लीगने कबूल केलं की टीव्हीवर रंगांधळ्यांना कसं दिसेल हे आम्ही तपासलंच नव्हतं. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही!

ठिपके_बघणारा:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ते ठिपक्यांचं पुस्तक रोज उघडतो. इशिहारा चाचणी म्हणतात तिला. आधी एक गैरसमज काढतो, पोराला सगळं काळं-पांढरं दिसत नाही. निळा आणि पिवळा त्याला झकास दिसतो. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या भानगडीत, हे सगळे त्याला मातकट-पिवळट एकाच घराण्यातले वाटतात. त्यामुळे हिरव्या गवतावर लाल जर्सी आपल्याला उठून दिसते, त्याला ती गवतात मुरते.

युरोपियन वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण १२ मध्ये १ जणाला हे असतं, बायकांमध्ये दोनशेत एखादी. आपल्याकडे प्रमाण त्यापेक्षा कमी निघतं, तरी एका मोठ्या शाळेत अशी बरीच मुलं असणार, फक्त कोणी तपासत नाही. मुलं स्वतःहून सांगत नाहीत कारण त्यांना माहितीच नसतं की बाकीच्यांना वेगळं दिसतं.

आता रंगांच्या जोड्या. डोळे झाकून चालतील त्या: निळा-पिवळा, गडद निळा-पांढरा, काळा-पिवळा, काळा-पांढरा. टाळायच्या त्या: लाल-हिरवा, हिरवा-नारिंगी, हिरवा-तपकिरी, मरून-गडद हिरवा, लाल-काळा. निळा-जांभळा पण नको, जांभळ्यातला लाल त्याला दिसत नाही म्हणून उरतो फक्त निळा. लाल-काळ्याचं आश्चर्य वाटेल. या रंगांधळेपणाचे दोन मुख्य प्रकार असतात, त्यातल्या एकात लाल रंग नुसता बदलत नाही तर बराच काळपट पण दिसतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारा की प्रोटान आहे की ड्युटान. प्रोटान असेल तर लाल जर्सी त्याच्यासाठी जवळपास गडद जर्सी, असं धरून चाला.

आणि मामा, हे X क्रोमोसोमवरून येतं, म्हणजे पोराला ते आईकडूनच आलंय, वडिलांचा काही संबंध नाही. तुमच्या ताईला एकतर तुमच्या वडिलांकडून मिळालं असेल नाहीतर आईकडून. आईकडून असेल तर तुम्हाला स्वतःला असायचा चान्स अर्धा-अर्धा. आजोबा पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची ओळखायला कोणाला तरी विचारायचे का, आठवून बघा 😄 आणि तुम्ही पण एकदा ते पुस्तक बघून घ्या.

बुधवारातला_मामा:
@ठिपके_बघणारा अहो मिरचीचं माहीत नाही, पण अण्णा कायम दोन पायात दोन रंगांचे मोजे घालून ऑफिसला जायचे आणि आई म्हणायची वेंधळेपणा 😂 उद्याच विचारतो. माझं मी बघितलं मोबाइलवर, आकडे सगळे दिसले.

जुना_दूरदर्शन:
गंमत सांगू का, हा प्रश्न एके काळी सुटलेला होता. रंगांधळ्यांची काळजी म्हणून नाही, टीव्हीच काळा-पांढरा होता म्हणून. सत्तरच्या दशकापर्यंत जगातले अर्धेअधिक लोक वर्ल्ड कप ब्लॅक अँड व्हाइटवर बघत होते, त्यामुळे फिफाचा आग्रह असायचा की एक टीम फिकी आणि एक टीम गडद दिसलीच पाहिजे. लाल आणि हिरवा त्या टीव्हीवर दोन्ही सारखेच करडे, म्हणून एकाला बदलायला लावायचे.

त्यातूनच १९७८चा तो अजब प्रकार झाला. अर्जेंटिनात मार देल प्लाता नावाचं समुद्रकाठचं गाव, फ्रान्स विरुद्ध हंगेरी, दोघंही आधीच स्पर्धेबाहेर गेलेले. फ्रान्सचा निळा आणि हंगेरीचा लाल, रंगीत टीव्हीवर काही अडचण नाही पण काळ्या-पांढऱ्यावर एकच. म्हणून कोणी पांढरा घालायचा ते ठरलं, मग ते परत बदललं, आणि शेवटी मैदानात दोन्ही टीम पांढऱ्याच जर्सी घेऊन हजर. आता काय? गावातल्या किम्बर्ली नावाच्या क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवल्या आणि फ्रान्सने त्या घातल्या. मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. क्लबच्या जर्सीवर नंबर कमी आणि फ्रान्सकडे माणसं जास्त, त्यामुळे काही जणांच्या शर्टावर एक नंबर आणि चड्डीवर भलताच. जिंकले मात्र ३-१. वर्ल्ड कपची मॅच, आणि अंगावर गावच्या क्लबचे शर्ट!

आपल्याकडे कलर टीव्ही आला तो १९८२ला, एशियाडच्या वर्षी. पण आमच्या चाळीत ८६च्या वर्ल्ड कपला पण लाकडी शटरचा काळा-पांढराच होता. अर्जेंटिना-इंग्लंड रात्री साडेअकराला सुरू झाली, इंग्लंड पांढरे, अर्जेंटिना गडद निळे, कोण कुठला हे ओळखायला काही म्हणजे काही त्रास नाही. ती निळी जर्सी पण बघा, आधीच्या राउंडला उरुग्वेविरुद्ध घातलेली निळी जर्सी जाड कॉटनची होती, मेक्सिकोच्या भर दुपारच्या उन्हात घामाने जड व्हायची, म्हणून कोच बिलार्डोने हलकी मागितली आणि अर्जेंटिनाच्या माणसांनी मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून दुसरी निळी जर्सी शोधून आणली. बिल्ला घाईघाईत शिवलेला, मागचे नंबर चंदेरी चमकणारे, अमेरिकन फुटबॉलला लावतात तसले. तीच घालून मॅराडोनाने तो हाताचा गोल आणि तो शतकातला गोल केला. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने ती मॅचनंतर बदलून घेतली आणि २०२२ साली लिलावात ७१ लाख पौंडांना गेली. दुकानातून आणलेला शर्ट.

सांगायचं एवढंच की रंग कुठला याच्या भांडणात पडू नका, एक फिकी एक गडद एवढं बघा. रंगीत टीव्ही आल्यावर लोक ते विसरले.

फातोर्डा_ब्लॉक:
हे सगळं बरोबर आहे पण थोडं दुसऱ्या बाजूनं पण बघा रे. आमच्या गोव्यात चर्चिल ब्रदर्स म्हणजे लाल आणि साळगांवकर म्हणजे हिरवा, बाबा सांगायचा की फातोर्ड्याला हे दोघे समोरासमोर आले की अर्धं स्टेडियम रंगावरूनच भांडायचं. आता त्यात एकाला सांगायचं की तू पांढरा घाल? लोक जर्सीसाठी जातात मॅचला. कलकत्त्याला मोहन बागानची जर्सी बघा, हिरवा आणि मरून, एकाच शर्टात दोन्ही! शंभर वर्षांहून जुना रंग आहे, १९११ला अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकलेला क्लब. रंगांधळ्याला तो शर्ट कसा दिसत असेल कुणास ठाऊक, पण म्हणून तो बदला असं कोणी म्हटलं तर मैदानावर जिवंत जायचा नाही.

शाळेच्या बिबचं ठीक आहे, ती कुठलीही घ्या. पण क्लबला हात लावू नका.

ठिपके_बघणारा:
@फातोर्डा_ब्लॉक मोहन बागानचा शर्ट त्याला गडद आणि त्याहून जरा वेगळा गडद अशा पट्ट्यांचा दिसेल. पण प्रॉब्लेम तो नाहीच. एका शर्टात काहीही असू दे, समोरचा शर्ट वेगळा दिसला म्हणजे झालं. कलकत्ता डर्बीत समोर ईस्ट बंगालचा लाल-पिवळा असतो आणि तो पिवळा त्याला लांबूनही दिसतो. म्हणजे तुमची डर्बी वाचली 😄

लेफ्टबॅक:
@फातोर्डा_ब्लॉक क्लबचा रंग कोणीच बदला म्हणत नाहीये, अवे जर्सी, म्हणजे परक्या मैदानावर घालायची वेगळी जर्सी, त्याचसाठी असते ना. फुटबॉलच्या नियम ४ मध्ये स्पष्ट आहे की दोन्ही टीमचे रंग एकमेकांपासून आणि रेफरीपासून वेगळे दिसले पाहिजेत, गोलकीपरचा सगळ्यांपेक्षा वेगळा. फक्त कोणाच्या डोळ्यांना वेगळे ते लिहिलेलं नाही, तिथेच घोळ आहे.

आणि दिसत नाही ही तक्रार चांगल्या डोळ्यांच्या लोकांनी पण केली आहे बरं का. एप्रिल १९९६, मँचेस्टर युनायटेड साउदॅम्प्टनला खेळत होते ती करडी जर्सी घालून. हाफटाइमला ०-३. मॅनेजर फर्ग्युसनने ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांच्या अंगावरून ती काढायला लावली आणि दुसऱ्या हाफला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत टीम बाहेर आली. म्हणे मागच्या गर्दीत करडा मिसळतो, पोरांना वर बघितल्यावर आपला माणूस सापडत नाही. हरले तरी १-३, पण दुसरा हाफ १-० जिंकला की! त्या करड्या जर्सीत युनायटेड एकही मॅच जिंकले नव्हते. लोक हसले फर्ग्युसनला, बहाणा म्हणाले. जर्सी नंतर परत घातली नाही मात्र. तेव्हा लीग जिंकणाऱ्या टीमला चालतो तो बहाणा आपल्या सातवीतल्या पोराला का नको?

कार्डिफकर:
इकडे रग्बीत हा विषय वर्षानुवर्षं निघायचा कारण वेल्स लाल आणि आयर्लंड हिरवे, आणि इथल्यांसाठी ती मॅच म्हणजे सण. माझ्या ऑफिसातला एक जण पबमध्ये बसून मोठ्या स्क्रीनवर बघायचा आणि शेजाऱ्याला विचारायचा बॉल कोणाकडे आहे. रग्बीत तर वीस जण एकमेकांच्या अंगावर, ढिगातून नुसती बाही दिसते. वर्ल्ड रग्बीने २०२१ला या बाबतीत मार्गदर्शक सूचना काढल्या, टीमचे रंग कसे निवडायचे, स्क्रीनवर ग्राफिक्स कसे द्यायचे वगैरे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याआधीच २०१७ला कोचेससाठी पुस्तिका काढलेली. त्यात बिब, कोन, बॉल सगळं आहे, सरांना त्यातली चित्रं दाखवा, एकच फोटो आपल्याला कसा दिसतो आणि मुलाला कसा. मी दहा मिनिटं समजावत होतो तेव्हा बायकोला पटलं नव्हतं, चित्र बघितल्यावर लगेच पटलं.

पेठेतला_भावा:
कोल्हापुरातनं बोलतोय, आमच्याकडं फुटबॉल म्हंजे काय सांगायला नको, शाहू स्टेडियमला तालमींच्या मॅचेस बघून पोरं मोठी होत्यात. मी लहान पोरांना शिकवतो तेवढ्यावरनं सांगतो, भाच्याला अजून एक त्रास असणार तो त्यानं पण सांगितला नसंल. कोन. ते नारिंगी नाहीतर लाल कोन गवतावर ठेवत्यात ना, ते ह्या पोरांना लवकर सापडतच न्हाईत. ड्रिब्लिंगला सोडलं की पोरगं कोनावर पाय देतंय आणि सर म्हणत्यात आंधळा हाईस काय. निळं नाहीतर पांढरं कोन घ्या, झालं काम. बॉल पण पिवळा नाहीतर पांढरा, नारिंगी नको.

दुसरं म्हंजे चड्डी आणि मोजे. सगळी जर्सी जर्सी करत्यात पण पोरगं बॉल पायात घिऊन पळतंय तवा मान खाली असत्या, त्याला समोरच्याची छाती दिसतच न्हाई, पाय दिसत्यात. मोज्याचा रंग येगळा असला की पास बरोबर जातोय. आमच्यात एका पोराला मी हेच केलं, दुसऱ्या टीमला नुसतं पांढरं मोजं घालायला लावलं, बाकी कायबी बदललं न्हाई, लई फरक पडला. त्याला काय झालंय ते चारचौघात सांगायची पण गरज पडली न्हाई.

आणि तिसरं, पोरास्नी नाव घिऊन ओरडायला शिकवा. "दे रे", "इकडं" असलं न्हाई, त्याचं नाव घ्यायचं. आवाज ओळखून पास द्यायची सवय लागली की भाचा सगळ्यांच्या पुढं जाईल बघा, नादखुळा प्लेयर हुईल.

बुधवारातला_मामा:
@पेठेतला_भावा कोनाचं विचारलं आत्ताच फोनवर, म्हणाला हो मामा, मला वाटायचं सगळ्यांनाच दिसत नाहीत, म्हणून तर ड्रिल अवघड असतं 😐

सरांशी बोलणं झालं, माणूस चांगला आहे, बिब लगेच पिवळ्या-निळ्या करतो म्हणाले. अडलंय ते आंतर-हाउसच्या जर्सीवर. चार हाउस, लाल हिरवा निळा पिवळा, आणि कमिटीचं म्हणणं हाउसचे रंग बदलणार नाही, वर्षानुवर्षं चालत आलेत. भाचा हिरव्या हाउसमध्ये आहे, आणि लाल हाउसशी मॅच होणारच. काय तोडगा?

छपाईवाला:
जर्सी छापायचा धंदा आहे आपला, शाळांचंच काम जास्त. कमिटीशी भांडू नका, हाउसचा रंग तोच ठेवा, डिझाइन बदलायला सांगा. लाल हाउसला प्लेन लाल करा, आणि हिरव्या हाउसला छातीवर आडवा रुंद पांढरा पट्टा द्या, पुढून मागून दोन्हीकडून, बाह्या पण पांढऱ्या. लांबून बघितलं की एक गडद आणि एक अर्धी पांढरी. रंग हिरवाच राहिला, कोणाचं काही गेलं नाही. आणि पेठेतले भाऊ म्हणतात तसं मोजे हिरव्या हाउसला पांढरे.

खर्च वाढत नाही हे कमिटीला आधी सांगा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. सब्लिमेशन म्हणून छपाईची पद्धत आहे, त्यात डिझाइन कागदावर छापून दोनशे डिग्रीच्या आसपास गरम प्रेसखाली पॉलिएस्टरच्या कापडावर उतरवतात, एक रंग असो की दहा, रेट तोच. कापड पांढरंच असतं आणि पांढरी शाई नसतेच, जिथे छापत नाही तिथे कापड पांढरं राहतं, तेवढंच. म्हणून तुमचा पांढरा पट्टा म्हणजे आमची उलट शाई वाचते 😄 फक्त कापड पॉलिएस्टरच पाहिजे, डॉट निट (बारीक जाळीचं) घ्या, कोणी कॉटन मिक्स गळ्यात मारत असेल तर त्यावर रंग फिका बसतो आणि दोन धुण्यात आणखी उतरतो.

नंबर मोठा आणि पांढरा, हिरव्या हाउसला तो पट्ट्याच्या खाली येऊ द्या, पट्ट्यावर नको, नाहीतर पांढऱ्यावर पांढरा होऊन बसेल. लाल जर्सीवर काळा नंबर आजकाल पोरांना फार आवडतो, तो अजिबात करू नका, वर डोळ्यांच्या भाऊंनी सांगितलंय का ते.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन्हींचं एकेक सॅम्पल मागवा, गवतावर शेजारी शेजारी टाका आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ग्रेस्केल असतं ते चालू करून कॅमेऱ्यातून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर पट्टा आणखी रुंद करायला सांगा. आणि एवढ्यावर थांबू नका, भाच्यालाच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारा, त्याच्याइतकं बरोबर कोणी सांगणार नाही. सॅम्पल मे संपायच्या आत काढून घ्या, जूनमध्ये सगळ्या शाळा एकदम येतात आणि मग आम्ही फोन उचलत नाही.